एका टाळूच्या दोन कवळ्या

सत्यवान तारींची वरची कवळी तिसऱ्यांदा मोडली, तीही पुन्हा बरोबर मधोमध. आषाढातली सकाळ होती. रुमालात बांधून आणलेले दोन तुकडे त्यांनी हरिश्चंद्र मेस्त्रीच्या टेबलावर ठेवले आणि तोंडावर पंजा धरूनच ते बाकावर बसले. वय चौऱ्याहत्तर, अंगाने अजून ताठ, पण दात नसताना आपल्याला कोणी पाहावं हे त्यांना खपत नसे.

“शिंक इली,” ते पंजाआडून म्हणाले. “भायर पडली ती थेट न्हाणयेच्या दगडार.”

“दगडान मोडली नाय ती, दादानू,” हरिश्चंद्र म्हणाला. “मोडूक आलीच होती. दगडाचा निमित्त झाला.”

त्याने दोन्ही तुकडे उजेडात धरले. भेग कुठून सुरू झाली असणार हे त्याला न बघताही माहीत होतं. सत्यवानदादांच्या टाळूच्या मधोमध हाडाचा एक उंचवटा होता, जन्मापासूनचा. पोफळाएवढा. फळीखाली मधोमध दगड ठेवावा आणि फळीच्या दोन्ही टोकांवर माणसं उभी राहावीत, तसं त्या कवळीचं व्हायचं. दर घासाला ती थोडी वाकायची, आणि तीन-चार वर्षं वाकून वाकून एक दिवस तुटायची.

मालवणच्या मेढ्यात, घराच्या पडवीला भिंत घालून केलेल्या खोलीत हरिश्चंद्र चाळीस वर्षं कवळ्या बनवत होता. वडील होड्या बांधायचे. हा बेळगावला एका लॅबमध्ये दातांचं काम शिकून आला आणि वडिलांच्या करवती-पटाशांच्या शेजारीच त्याने मेणाचे दिवे आणि प्लास्टरचे साचे मांडले. तालुक्यातले सगळे दातांचे डॉक्टर काम त्याच्याकडेच पाठवत. आता त्याचं वय त्रेसष्ट होतं. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची कातडी अ‍ॅक्रिलिकच्या लिक्विडने कायमची सोलवटली होती.

सत्यवानदादांच्या तीनही कवळ्या त्याच्याच हातच्या. त्या मोडण्याचं त्याला जितकं वाईट वाटे, त्याहून जास्त सलत होती गेल्या वर्षीची गोष्ट. नारळी पुनव झाली की तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं, पहिलं जाळं पडतं. त्याआधी दर्याला गाऱ्हाणं घालायचा, सगळ्यांच्या वतीने साकडं घालायचा मान तारींचा, आणि गेली पन्नास वर्षं तो सत्यवानदादांनी सांभाळला होता. गेल्या वर्षी गाऱ्हाणं घालताना कवळी सुटायला लागली. दादांनी जिभेने ती वर दाबून धरली, पण दाबून धरलेल्या जिभेने बोलणार काय? त्यांनी अर्ध्यातच आवरतं घेतलं. जमलेल्या माणसांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं आणि दोरखंडाला हात घातला. हरिश्चंद्र त्या दिवशी तिथे होता.

“पुनवेक किती दिवस रवले?” दादांनी विचारलं.

“सव्वा महिनो.”

“ह्या वर्साक माका पुरता घालूक मिळाक व्हया, हरी. नायतर मान दुसऱ्याक दितंय.”

ते रुसून बोलले नव्हते. भरतीची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं. म्हणूनच हरिश्चंद्र त्याच दुपारी त्यांना डॉक्टर दीपिका धुरींकडे घेऊन गेला.

दीपिका मूळची कसालची. तीन वर्षांपूर्वी तिने मालवणात दवाखाना थाटला होता. वय बत्तिशीच्या आतबाहेर. ती हरिश्चंद्रला ‘हरीकाका’ म्हणायची आणि त्याने केलेलं काम परत पाठवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. गेल्या महिन्यात तिने एक नवी वस्तू घेतली होती: जाड पेनासारखा कॅमेरा, वायरने कॉम्प्युटरला जोडलेला. तो तोंडात फिरवला की आतलं सगळं पडद्यावर येतं, असं ती म्हणाली.

“आधी दादांना त्यांचं तोंड दाखवते,” तिने सांगितलं. “खरं मोजमाप आपण ठशावरूनच घेऊ, कारण हिरडी मऊ असते आणि कॅमेऱ्याला ती दाबून मोजता येत नाही. पण बघू तर दे त्यांना.”

तिने कॅमेरा टाळूवरून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर आधी नुसतेच गुलाबी ठिपके आले, मग ठिपक्यांचे पट्टे झाले, पट्टे एकमेकांना जोडले गेले आणि बघता बघता एक अख्खा प्रदेश उभा राहिला. दीपिकाने तो बोटाने फिरवला. वरून, खालून, आडवा. मधोमध तो उंचवटा, गुळगुळीत, बेटासारखा. आणि पुढच्या बाजूला, दातांच्या मागे असतात त्या आडव्या वळ्या. त्या किती बारीक होत्या! एकीतून दुसरी फुटलेली, तिसरी मध्येच विरलेली.

सत्यवानदादा खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ गेले. तोंडावरचा पंजा कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही.

“ह्या माझा तोंड?”

“तुमचंच, दादा.”

“ही तर ओहोटीची वाळू,” ते म्हणाले. “पाणी उतारला की देवबागच्या बाजूक अशी पडता. अशीच वळी.” ते जरा थांबले. “चौऱ्याहत्तर वर्सां जिभेन चाचपतंय. पण बघूक आज गावली.”

हरिश्चंद्रने हजारभर टाळू प्लास्टरमध्ये ओतल्या होत्या. त्या पांढऱ्या आणि मुक्या असायच्या, आणि काम झालं की तो त्या कपाटात ठेवून द्यायचा. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की ही प्रत्येक वळी कुणाच्या तरी आईच्या पोटात, अंधारात पडलेली असते आणि जन्मभर तशीच राहते. दात पडतात, हिरड्या झिजतात, पण ही जागची हलत नाही.

दीपिकाने मग मुद्द्याची गोष्ट काढली. कोल्हापूरला एक केंद्र सुरू झालंय. तिथे कवळीचा पाया ओतत नाहीत, शिजवत नाहीत. घट्ट तयार चकतीतून मशीन तो कोरून काढतं. “काका, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर यावेळी ती करून बघूया?”

हरिश्चंद्रने पडद्याकडे बघतच उत्तर दिलं. “दोनय करूया. एक मी करतंय, एक मशीन करांदे. ठसो एक, साचो एक, दात पण त्याच कंपनीचे. मगे दादा सांगतीत खंयची बरी. पण कोणाची खंयची ता तेंका आधी सांगूचा नाय.”

“हां, आणि हरलास तर?” दादांनी विचारलं.

“हरलंय तर हरलंय. तुमचा तोंड आसा, माझो मान न्हय.”

तो असं बोलला खरा, पण घरी आल्यावर त्याने जसं काम केलं तसं गेल्या दहा वर्षांत केलं नव्हतं. दोन दिवस तो मेणातले दात लावत बसला. प्लास्टर गाळून घेतलं. पावडर आणि लिक्विड काचेच्या भांड्यात कालवून, त्याची कणीक बोटाला चिकटायची बंद होईपर्यंत थांबला, मग ती साच्यात भरून पितळी डबी शिकंज्यात आवळली. उघडली, जादा माल कापला, पुन्हा आवळली. असं चार वेळा. सकाळी साडेसातला डबी कोमट पाण्यात ठेवली आणि नऊ तास आच वाढू दिली नाही. बायको, जानकी, दोनदा डोकावून गेली.

“वास येता तुझ्या त्या औषधाचो. जेवक तरी येशीत?”

“हयच आणून दी गो. पाणी उकळला तर सगळा फुकट जायत.”

कारण त्याला त्याचा वैरी चांगला माहीत होता. अ‍ॅक्रिलिक शिजताना आकसतं. भात शिजताना फुलतो, हे उलटं. कितीही दाबून भरा, कितीही हळू शिजवा, थंड होताना ते स्वतःकडे ओढून घेतं आणि टाळूच्या मागच्या कडेला, मधोमध, साच्यापासून सुटतं. केसाएवढं. त्या केसाएवढ्या फटीतून हवा आत शिरते आणि कवळी पडते. शिवाय थोडं लिक्विड न मुरता आत राहून जातं, त्यामुळे नव्या कवळीने तोंड जळजळतं. सत्यवानदादांना दर वेळी आठ दिवस जळजळायचं. ही फट कमी करण्यात हरिश्चंद्रचं सगळं आयुष्य गेलं होतं. ती त्याने कमी केली होती, नाहीशी कधीच झाली नव्हती.

संध्याकाळी त्याने डबी भांड्यातल्या पाण्यातच निवत ठेवली. दुसऱ्या दिवशी फोडून, घासून, चकाकी देऊन कवळी साच्यावर बसवली आणि खिडकीकडे धरली. मागच्या कडेला उजेडाचा एक धागा दिसला. फार बारीक. इतका बारीक त्याच्या हातून आजवर आला नव्हता. जानकीला हाक मारून त्याने तो दाखवला.

“माका कायच दिसना नाय,” ती म्हणाली.

“माका दिसता.” पण तो खूश होता.

दीपिकाने साच्याची मोजणी त्या कॅमेऱ्याने करून कोल्हापूरला पाठवून दिली होती. तिथला तंत्रज्ञ विनीत तिच्या ओळखीचा. मशीनला साच्याची गरज नाही, फाइल पुरे, असं त्याने कळवलं. तरीही हरिश्चंद्र स्वतः जायला निघाला. साचा, मोडक्या कवळीचा एक तुकडा आणि आपली नवी कवळी कापसात गुंडाळून डब्यात घातली, डबा मांडीवर घेतला आणि तो एसटीत बसला. कसालला गाडी थांबली, पुढे फोंडाघाटला माणसं चढली-उतरली. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर दर वळणावर हॉर्न दाबत होता. हरिश्चंद्रने डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेजारच्या बाईने शेवटी विचारलंच, “काय आसा तेच्यात? देव?”

“टाळू,” तो म्हणाला. तिने पुढे काही विचारलं नाही.

विनीत तिशीतला, बारीक अंगाचा, हात सतत पुसत राहणारा माणूस निघाला. हरिश्चंद्रचं वय आणि बोटं बघून त्याने आधी त्याला खुर्ची दिली, मग त्याच्या हातात एक गुलाबी चकती ठेवली. तळहातापेक्षा मोठी, बोटभर जाड, वजनाला भरीव. हरिश्चंद्रने ती नाकाशी नेली. वास नव्हता. चाळीस वर्षं जो वास त्याच्या कपड्यांतून गेला नव्हता, तो या चकतीला नव्हताच.

“हे काय आहे?”

“तुमचंच अ‍ॅक्रिलिक, काका. वेगळं काही नाही. पावडर-लिक्विडचंच. फक्त कारखान्यात प्रचंड दाबाखाली शिजवलेलं.”

“मग हे पण आकसणारच की.”

“आकसलंय ना,” विनीत म्हणाला. “जेवढं आकसायचं तेवढं आकसून झालंय. आता आपण त्यातून नुसतं कोरायचं.”

हरिश्चंद्र चकती हातात धरून तसाच बसून राहिला. एवढीच गोष्ट होती तर! तो चाळीस वर्षं आकार आधी देत होता आणि मग माल शिजवत होता, म्हणून आकार बिघडत होता. यांनी माल आधी शिजवला आणि आकार मागाहून दिला. इतकं साधं, आणि ते कधी त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने चकती उजेडात धरली, उलटी केली, नखाने वाजवली.

विनीतने ती मशीनमध्ये बसवली. काचेचं दार लागलं, आत पाण्याची धार सुरू झाली आणि पेन्सिलीच्या टोकाएवढं एक हत्यार चकतीवर उतरलं. आधी ते नुसतं उकरत होतं. गुलाबी भुसा पाण्याबरोबर वाहून जात होता. विनीत म्हणाला, दोन तास तरी लागतील, तुम्ही जेवून या. हरिश्चंद्र हलला नाही. खुर्चीही त्याला मागे वाटली, म्हणून तो काचेजवळ जाऊन उभा राहिला.

तासाभराने हत्यार बदललं. नवं आणखी बारीक होतं. चकती आपोआप कलली, वळली, आणि ते टोक टाळूच्या बाजूवरून पुढे-मागे, पुढे-मागे जाऊ लागलं. थकणं नाही, बिचकणं नाही. हळूहळू त्या गुलाबी पृष्ठात एक खळगा दिसू लागला, पोफळाएवढा. हरिश्चंद्रने तो ओळखला. मग पुढच्या बाजूला पहिली वळी उमटली. दुसरी. तिच्यातून फुटलेली तिसरी. ते टोक विरत गेलेल्या वळीबरोबर विरत गेलं, आणि जिथे ती संपते तिथेच उचललं गेलं.

त्याचे हात त्याच्या नकळत जोडले गेले होते. विनीतने ते पाहिलं आणि तो शहाणपणाने दुसरीकडे बघू लागला.

कवळीचा पाया निघाला. विनीतने तो स्वच्छ करून साच्यावर ठेवला तेव्हा टक् असा हलका आवाज आला, दाराची कडी बसावी तसा. हरिश्चंद्रने साचा खिडकीकडे धरला. मागच्या कडेला उजेड नव्हता. त्याने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. विनीतने पतंगाच्या कागदाहून पातळ अशी एक पट्टी दिली. ती हरिश्चंद्रच्या कवळीखाली मधोमध थोडीशी शिरली. मशीनने कोरलेल्या कवळीच्या पायाखाली ती कुठेच शिरेना.

“दादांच्या जुन्या कवळीचो तुकडो आसा माझ्याकडे,” हरिश्चंद्र म्हणाला. भान हरपलं की तो प्रमाण मराठी विसरायचा. “भिंगातून बघूक मिळात?”

विनीतने आधी तो तुकडा भिंगाखाली ठेवला, मग चकतीचा उरलेला एक काप. तुटलेल्या तुकड्याच्या कडेवर बारीक बारीक भोकं होती, सुकलेल्या फेसासारखी. भेग एका भोकातून दुसऱ्यात उडी मारत गेली होती. चकतीच्या कापात काहीच नव्हतं. सगळीकडे सारखं, गच्च.

परतीच्या गाडीत त्याला वाटत होतं, आपल्याला हरल्यासारखं वाटायला हवं. पण तसं काही वाटेना. वडिलांनी बांधलेली होडी पहिल्यांदा पाण्यात लोटली होती तेव्हा तो सात वर्षांचा होता. महिनाभर अंगणात पडलेलं लाकूड, ज्यावर त्याने बसून पेज खाल्ली होती, तेच लाकूड पाण्यावर जाताच हलकं झालं, जिवंत झालं. त्या दिवशी तो ओरडलाही नव्हता, नुसता उभा राहिला होता. आज काचेपुढे त्याचं तसंच झालं होतं.

दात बसवायचं काम मात्र त्याने स्वतःकडे मागून घेतलं होतं. मशीनने कवळीच्या पायात प्रत्येक दातासाठी खोबण कोरून दिली होती. त्यात दात चिकटवायचे. त्याने ते एकेक करून बसवले आणि दोन्ही कवळ्या दोन सारख्या डब्यांत घालून दीपिकाकडे नेल्या. श्रावण लागला होता. सत्यवानदादा नवं धोतर नेसून आले होते, जणू सोयरिकीला.

दीपिकाने पहिली कवळी बसवली. ती हरिश्चंद्रची होती. दादांनी दात आवळले, जीभ फिरवली.

“बरी आसा,” ते म्हणाले. “आधीच्या तिनांपेक्षा बरी. खराच बरी.” त्यांनी एक ते वीस आकडे म्हटले. सोळा-सतराला किंचित शिट्टी वाजली, एवढंच.

मग दुसरी. दीपिकाने ती नुसती टेकवली आणि बोटाने हलकेच वर दाबली. टाळूने ती आत ओढून घेतल्यासारखं झालं. दादांचे डोळे मोठे झाले. दीपिकाने पुढच्या दातांना धरून ती खाली ओढायचा प्रयत्न केला. कवळी निघेना. तिने जोर लावला तसं दादांचं डोकंच पुढे आलं.

“बोला दादा.”

दादा पाणी प्यायले, त्यांनी चूळ भरली, मान खाली घालून खोकून पाहिलं. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, “समुद्र. सुरमय. सत्यवान.” प्रत्येक शब्द स्वच्छ. “हरी, ह्या काय केलंस रे? तोंडात काय आसा असा वाटनाच नाय.”

“हीच बरी?” हरिश्चंद्रने विचारलं.

“ही नाय तर खंयची? ही तुझीच, माका कळला. दुसऱ्या कोणाचा काम ह्या?”

दीपिका खाली बघत होती.

“ती माझी न्हय, दादानू,” हरिश्चंद्र म्हणाला. “पयली माझी. ही मशीनची.”

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच अंगठा घालून कवळी काढायला घेतली. ती निघेना, तरी ते खटपट करू लागले. “मगे माका तुझीच दी. ती पण बरी आसा. बारा वर्सां मी तुझेच दात घालतंय. आता ह्या वयात मशीनचे घालू?”

“दादानू, हात काढा.” हरिश्चंद्र उठून त्यांच्यासमोर खाली बसला, गुडघ्यांवर. “माझी तीन वर्सांन मोडतली. परत मधीच मोडतली. मी काय केलंय तरी ती केसभर सुटता. चाळीस वर्सां मी त्या केसाच्या मागे धावतंय. लोकांक दिसना नाय, माका दिसता. आज पयल्यांदा बघलंय, केस नाय. तुमच्या तोंडात आसा ती. माझ्या हातान झाली नाय म्हणान तुमी ती काढून टाकलात, तर माका लाज वाटात. ती ऱ्हवांदे.”

सत्यवानदादांनी तोंडातला अंगठा काढला आणि त्याच ओल्या हाताने हरिश्चंद्रचा खांदा धरला.

आठ दिवस हरिश्चंद्र रोज तारकर्लीला फोन करून विचारत होता, जळजळ आहे का. नव्हती. नवव्या दिवशी दादाच वैतागले. “अरे, मासे खातंय, भाकरी खातंय, बायलेशी भांडतंय. आणि काय व्हया तुका?”

नारळी पुनव झाली, दर्या जरा निवला आणि रापणीचा दिवस ठरला. हरिश्चंद्र आणि दीपिका दोघंही गेले. सकाळची ओहोटी होती, आकाश ढगाळ, पन्नास-साठ माणसं वाळूत उभी. जाळ्याचा ढीग होडीत रचलेला. सत्यवानदादा पाण्यात घोट्यापर्यंत गेले, नारळ दोन्ही हातांनी धरला आणि तोंडावर पंजा न धरता, मान वर करून बोलू लागले.

“बा दर्या म्हाराजा, वर्साप्रमाण आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे नारळ घेवन उभी आसत. तो मानून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” माणसं म्हणाली.

“काय चुकला-माकला असात ता पोटात घाल. जे गेले तेंका तुझ्याकडे सुखात ठेव. जे उरले तेंका सांभाळ. होडयेक वारो दी, जाळ्याक मासो दी, दोरयेक हात लावतलो तेच्या हाताक बळ दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

लाटांचा आवाज होता, वाराही होता, पण शेवटच्या माणसापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. गाऱ्हाणं लांबत गेलं. दादांनी त्यांच्या बापाच्या वेळची कडवी काढली. चार-पाच म्हाताऱ्यांनाच ती आठवत असावीत, कारण ते एकमेकांकडे बघू लागले. बुडालेल्या होड्यांची नावं होती त्यात. एकामागून एक, न अडखळता. दीपिका गाऱ्हाणी ऐकतच मोठी झाली होती, पण होड्यांची नावं घेतात हे तिला माहीत नव्हतं. तिने हरिश्चंद्रचा दंड धरला. त्याला ते कळलंही नाही. तो दादांच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे त्या आतल्या वळ्या होत्या, ज्यांवर हा सगळा आवाज आपटून बाहेर येत होता. एवढ्याशा जागेतून पाण्यावर एवढं मोठं काही जाऊ शकतं!

नारळ सोडला. जाळं पडलं. त्या दिवशी मासे बेताचेच लागले, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

दिवाळीच्या आधी दादा पुन्हा पडवीत हजर झाले. कवळी शाबूत होती, पण पुढचा एक दात खोबणीतून निघून आला होता. त्यांनी तो कागदाच्या पुडीत आणला होता. “तिसऱ्यो खाताना. शिंपी दाताखाली इली. दात गेलो, तिसरी ऱ्हवली.”

हरिश्चंद्रने दात आणि खोबण दोन्ही भिंगातून बघितली आणि त्याला हसू आलं. त्याच्या जुन्या पद्धतीत दात आणि पाया एकत्रच शिजतात, म्हणून एकमेकांना घट्ट धरतात. ही चकती इतकी गच्च होती की ती नवं काही सहजासहजी आत घेत नव्हती. जो तिचा गुण, तोच इथे आडवा आला होता. त्याने खोबण बारीक घासणीने खरवडली, सोलवटलेल्या बोटांनी तिला लिक्विड चोळलं, तीन मिनिटं मुरू दिलं आणि मग दात बसवला. आठवडाभर दादांना तिसऱ्यांवर सोडलं. दात हलला नाही.

त्याने हे विनीतला फोनवर सांगितलं.

“काका, आमच्याकडे पण चार परत आल्यात, दात सुटलेल्या,” विनीत म्हणाला. “तुम्ही इकडे येऊन दाखवाल का आमच्या माणसांना? चार दिवस रहा. आणि एवीतेवी येताच आहात, तर पडद्यावर आखायचं पण शिकून घ्या.”

मार्गशीर्षात तो गेला. पहिले दोन दिवस त्याने शिकवलं, तिसऱ्या दिवशी तो शिकायला बसला. माउस त्याच्या हातात साबणासारखा निसटायचा. विनीतने त्याच्यापुढे त्या दिवशीची पहिली फाइल उघडली. फोंडाघाटच्या राधाबाई, वय एक्क्याऐंशी, एवढंच वर लिहिलेलं होतं. पडद्यावर एक टाळू वर आली. उंच, अरुंद, देवळाच्या घुमटीसारखी, आणि पुढे पाच वळ्या, पंख पसरल्यासारख्या दोन्ही बाजूंना गेलेल्या. अशी त्याने कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात जानकीचा फोन आला. “उद्या येतास मा? किती वाजता?”

“येतंय,” तो म्हणाला. त्याने टाळू अगदी हळू फिरवली, आडवी, मग खालून. “जानकी, तू हय असतंस तर. ही बाई कोण ती माका ठावक नाय गो, पण हिच्या तोंडात काय आसा ता मी बघतंय.”

“काय आसा?”

फोन तसाच कानाला धरून तो त्या पाच वळ्या एकेक करून बघत राहिला.